मोरोपंत आणि शब्दांचे थवे

मुलांच्या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी घेणाऱ्या आयांना 'समूहदर्शक शब्द' हे प्रकरण चांगलंच ठाऊक असतं. पक्ष्यांचा थवा, गुरांचा कळप, किल्ल्यांचा जुडगा, केळ्यांचा घड, उंटांचा तांडा. मूल तांडा आणि ताफा यात गोंधळ घालतं, आपण भाजी निवडता निवडता दुरुस्त करतो आणि पान उलटतो. पण जरा आठवून बघा मैत्रिणींनो, यातले निम्मे शब्द आपल्याला पुस्तकानं शिकवलेलेच नाहीत. मेथीची जुडी, लसणाचा गड्डा, भाकरींची चवड, पोळ्यांची चळत, केळ्यांची फणी, द्राक्षांचा घोस, कडब्याची पेंढी आणि त्या पेंढ्यांची गंज, सरपणाची मोळी, गणपतीच्या एकवीस दूर्वांची जुडी. हे शब्द हातांनी शिकवले. मुठीत मावते ती जुडी. दोरीनं आवळून डोक्यावर घेता येते ती मोळी. कुणी व्याख्या सांगितली नाही, पण मोळीला जुडी म्हणायची चूक आपल्यापैकी एकीच्याही हातून कधी होत नाही.

अशा शब्दांची ज्याला रोज गरज पडायची, आणि तीही एकाच गोष्टीसाठी दहा-दहा शब्दांची, असा एक माणूस आपल्या बारामतीत चाळीसेक वर्षं राहून गेला. मोरोपंत. नाव सगळ्यांना माहीत असतं. वामनपंडितांचा श्लोक, तुकोबांचा अभंग, ज्ञानोबांची ओवी आणि मोरोपंतांची आर्या अशी जोडी लावून देणारी जुनी ओळही बऱ्याच जणींनी शाळेत पाठ केलेली असते. पण त्यापुढे गाडी फारशी जात नाही. पंडित कवी, अवघड संस्कृत शब्द, लांबलचक समास, एवढं ऐकून आपण दुरूनच नमस्कार करतो. मला स्वतःला त्यांची वाट सापडली ती या समूहाच्या शब्दांमुळेच, म्हणून आज त्याच वाटेनं त्यांच्या घरी जाऊ.

त्याआधी थोडं परदेशात डोकावू. इंग्रजीत सिंहांच्या कळपाला 'प्राइड' म्हणतात, म्हणजे गर्व. कावळ्यांच्या थव्याला 'मर्डर' म्हणतात, म्हणजे चक्क खून. हे असले शब्द आले कुठून? तर १४८६ साली इंग्लंडमध्ये सेंट आल्बन्स इथे एक पुस्तक छापलं गेलं. त्यात ससाणे पाळणं, शिकार, घराण्यांची मानचिन्हं असे खानदानी पुरुषांच्या आवडीचे विषय होते. त्यातच प्राण्यापक्ष्यांच्या आणि माणसांच्याही समूहांची भलीमोठी यादी होती. कुठल्या प्राण्याच्या कळपाला काय म्हणायचं हे ज्याला येईल तो घरंदाज, ज्याला येणार नाही तो गावंढळ, असा त्यामागचा रुबाब. गंमत म्हणजे पुरुषांच्या या पुस्तकातल्या शिकारीच्या भागाला एका बाईचं नाव आहे, जुलियाना बर्नर्स. ती मठातली मुख्य जोगीण होती असं परंपरेनं मानतात. आणि त्याच पुस्तकातल्या यादीत बायकांच्या समूहासाठी जो शब्द दिलाय तो आहे 'गॅगल', जो हंसांसारख्या दिसणाऱ्या गीज पक्ष्यांच्या कलकलणाऱ्या थव्यासाठीही दिलाय! चार बायका जमल्या की कलकलाट, ही कल्पना काही आपल्याकडचीच नाही म्हणायची.

आता पन्हाळगडावर येऊ. मोरेश्वर रामाजी पराडकर यांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यावर झाला. वडील रामाजीपंत, आई लक्ष्मीबाई. घराणं मूळचं कोकणातलं. पन्हाळ्यावरच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या विद्वान भावांकडे मोरोपंतांचा अभ्यास झाला. व्याकरण, काव्य, अलंकार, वेदान्त, सगळं. त्या काळच्या अभ्यासाची सुरुवात व्हायची ती अमरकोश पाठ करण्यापासून. अमरकोश म्हणजे संस्कृत शब्दांचा कोश, पण आपल्या आजच्या कोशासारखा अकारविल्हे नव्हे. एका अर्थाचे सगळे शब्द एका ठिकाणी, आणि तेही श्लोकांत, म्हणजे पोरांना घोकायला सोपे.

या अमरकोशात समूहाच्या शब्दांची जी रास आहे ती बघून थक्क व्हायला होतं. समूह, निवह, व्यूह, संदोह, व्रज, ओघ, निकर, संघात, संचय, समुदाय, गण, वृंद, कदंब असे वीसेक शब्द तर सरसकट समूहासाठी. मग पुढे बारकावे सुरू होतात. एकाच जातीच्यांचं कूळ. पशूंच्या कळपाला 'समज' आणि पशू सोडून बाकीच्यांच्या समुदायाला 'समाज'. म्हणजे आपण ऊठसूट ज्याची भीती घालतो, त्या समाजाची ओळख मुळात एवढीच, की तो जनावरांचा कळप नाही. कबुतरांच्या थव्याला 'कापोत', पोपटांच्या थव्याला 'शौक', मोरांच्या थव्याला 'मायूर'. तरुण मुलींच्या घोळक्याला 'यौवत'. आणि गरोदर बायकांच्या समूहाला एक स्वतंत्र शब्द आहे, 'गार्भिण'. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीच्या दिवशी बाकावर बसलेल्या बायकांकडे बघून मला हटकून हा शब्द आठवतो. त्या एका बाकाला दीड हजार वर्षांपूर्वी कुणीतरी नाव देऊन ठेवलंय.

ही सगळी पुंजी पोटाशी बांधून मोरोपंत साधारण तेविशी-चोविशीत, १७५२ च्या सुमारास, बारामतीला आले. वडील आधीच इथे नाईकांकडे होते.

बारामतीचे बाबूजी नाईक जोशी हे तेव्हाचं मोठं प्रस्थ. सावकारी आणि सरदारी दोन्ही. कऱ्हेच्या काठी त्यांचा वाडा. पेशव्यांशी सोयरिकही झालेली. पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई ही बाबूजींच्या भावाची, आबाजी नाईकांची बायको. पण सोयरीक असली तरी पैसा आणि मान यांवरून कुरबुरी होत्याच. १७४० मध्ये बाजीराव गेले तेव्हा नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी पेशवाईसाठी बाबूजी नाईकांचं नाव पुढे केलं होतं. शाहू महाराजांनी वस्त्रं दिली ती बाजीरावांच्या मुलाला, नानासाहेबांना. नाहीतर बारामतीचा पेशवा झाला असता! राजकारणात बारामतीचं नाव पहिल्यांदा गाजलं ते असं, अडीचशे वर्षांहून आधी.

या वाड्यात मोरोपंतांचं काम पुराण सांगण्याचं. दरबारी राजकारण, लढाया, वसुली यांत ते पडले नाहीत. लिहायचं, वाचायचं आणि सांगायचं. आश्रय भक्कम होता, डोक्याला पोटाची काळजी नव्हती, आणि माणूस विलक्षण कष्टाळू. पुढची चाळीस वर्षं त्यांनी जे लिहिलं त्याची मोजदाद पाऊण लाख कवितांच्या घरात करतात. रोजच्या रोज घडी मोडू न देता, स्वयंपाकासारखं केलेलं काम आहे ते. प्रतिभा वगैरे असतेच, पण इतकं लेखन प्रतिभेनं होत नाही, बैठकीनं होतं.

आता आर्येचं कोडं थोडं सोडवू, कारण त्याशिवाय मोरोपंतांचं शब्दांवरचं प्रेम कळायचं नाही. आर्या हे मात्रांचं वृत्त. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. मोरोपंतांच्या बहुतेक आर्या प्रत्यक्षात 'गीती' या प्रकारच्या आहेत. त्यात दर ओळीत तीस मात्रा लागतात, आधी बारा, मग अठरा. एक कमी नाही, एक जास्त नाही. डब्यात लाडू बसवताना शेवटी एका लाडवापुरती फट राहते, मोठा लाडू बसत नाही आणि छोटा हलत राहतो, तसं होतं. मग त्या फटीच्या मापाचा लाडू हवा. समजा, ओळीत माणसांचा समूह आणायचाय. 'गण' म्हटलं तर दोन मात्रा. 'थवा', 'वृंद', 'निकर' यांच्या तीन. 'मेळा' आणि 'समूह' यांच्या चार. 'समुदाय' किंवा 'परिवार' घेतला तर पाच. अर्थ जवळपास एकच, माप वेगळं. ज्याच्याकडे एकच शब्द असेल त्याची आर्या तिथेच अडून बसणार. पंतांचं अडत नाही, कारण त्यांच्याकडे वेगवेगळ्या मापांच्या शब्दांची अख्खी मांडणी तयार आहे.

म्हणजे बघा, इंग्रजांचे हे शब्द आले शिकारीच्या रुबाबातून, आपले घरातले-शेतातले आले हातांच्या कामातून, आणि कवींना ते लागले मापासाठी.

मोरोपंतांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे आर्याभारत. महाभारताची अठराही पर्वं त्यांनी आर्यांमध्ये आणली. महाभारत म्हणजे सैन्यच सैन्य. कौरवांच्या अकरा अक्षौहिणी, पांडवांच्या सात. ही अक्षौहिणी नुसता 'पुष्कळ' या अर्थाचा शब्द नाही, तिचा काटेकोर हिशेब आहे. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे आणि पाच पायदळ मिळून एक पत्ती. तीन पत्तींचं एक सेनामुख, तीन सेनामुखांचं गुल्म, तीन गुल्मांचा गण. असंच तिप्पट करत गेलं की वाहिनी, पृतना, चमू आणि अनीकिनी. दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. म्हणजे २१,८७० रथ, तेवढेच हत्ती, ६५,६१० घोडे आणि १,०९,३५० पायदळ. पोरांना पाढे पाठ करून घेणाऱ्या आयांनी हा हिशेब एकदा करूनच बघावा.

यातले शब्द कुठे कुठे जाऊन बसलेत ते बघायला मजा येते. 'चमू' म्हणजे ७२९ रथ आणि ७२९ हत्तींचं दल, आज वर्तमानपत्रात अकरा जणांच्या क्रिकेट संघाला चमू म्हणतात. आणि 'गण'? सत्तावीस रथांचा हा गण आज पंचायत समितीच्या निवडणुकीत सापडतो. जिल्हा परिषदेचा गट आणि पंचायत समितीचा गण. त्या गणातून निवडून आलेल्या कितीतरी बायका आज आपल्या ओळखीच्या असतात, कारण निम्म्या जागा आता बायकांच्या आहेत. सत्तावीस हत्ती दिमतीला नसले तरी त्यांना रस्ते, पाणी आणि अंगणवाडीची लढाई लढावीच लागते.

मोरोपंतांच्या घरचं दैवत मात्र राम. त्यांनी एक नाही, दोन नाही, एकशे आठ रामायणं रचली असं मानतात. जपमाळेत एकशे आठ मणी असतात, तशीच ही माळ. सगळी आज मिळत नाहीत, पण जी मिळतात त्यांत प्रत्येकाची काहीतरी वेगळी अट आहे. मंत्ररामायणात रामाच्या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरं क्रमानं ओवलेली आहेत. निरोष्ठ रामायण तर कहरच. निरोष्ठ म्हणजे ओठ न लावता म्हणायचं. प, फ, ब, भ, म ही अक्षरं म्हणताना ओठ मिटतात, म्हणून ती वर्ज्य. आता रामायण लिहायचं आणि त्यात 'राम' म्हणायचं नाही! कारण 'म' म्हटला की ओठ मिटले. समूहाचे शब्द घ्या, समूह गेला, मेळा गेला, कळप गेला, जमाव गेला. उरले गण, जथा, राशी असे. घरी एकदा करून बघा, ओठांत आडवी काडी धरून आपल्या घरच्यांची नावं घ्या. कुणाकुणाची नावं अडतात ते कळेल आणि पंतांनी काय उद्योग मांडला होता तेही.

खरं सांगायचं तर या रामायणांमध्ये मला कवीपेक्षा कसरतपटू जास्त दिसतो. मोरोपंतांवर हा आक्षेप जुनाच आहे, की शब्दांचा डोंगर आहे पण जिव्हाळा कमी. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत मोरोपंतांच्या कवितेवर मोठा निबंध लिहून त्यांची बाजू मांडली. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण ज्यांनी फक्त कसरतीच बघितल्या, त्यांनी पंतांची एक वेगळी बाजू पाहिलेलीच नाही.

पंतांनी बायकांसाठी गीतं लिहिली. सीतागीत, सावित्रीगीत ही त्यातली नावं. इथे समास जवळजवळ गळून पडलेत, भाषा घरातली झाली आहे. हा माणूस दिवसभर ज्या शब्दांत रमायचा ते शब्द बाजूला ठेवून, बाई जात्यावर बसून किंवा झोपाळ्यावर जे म्हणू शकेल असं लिहीत होता. अठराव्या शतकात बायकांच्या हातात पोथी नव्हती, बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यासाठी लिहायचं म्हणजे कानासाठी लिहायचं, एकीनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी ऐकून उचलायचं. सीता आणि सावित्री यांच्या गोष्टी निवडल्या हेही बघण्यासारखं. दोघींनाही माणसांचा मेळा सोडून रानात जावं लागलेलं, दोघींनाही आपली बाजू स्वतः बोलून मांडावी लागलेली.

एरवीच्या आर्याही बायकांपर्यंत पोचल्या, पण त्या कीर्तनातून. कीर्तनकारांना मोरोपंतांची आर्या फार सोयीची. ठसठशीत, पाठ व्हायला सोपी, आणि तीस मात्रांत गोष्ट पुढे नेणारी. सोलापूरचे शाहीर राम जोशी, लावण्यांसाठी गाजलेले, त्यांनी पुढे कीर्तनं केली आणि पंतांच्या आर्या लोकांपुढे आणल्या. दोघांची भेट झाली आणि पंतांच्या संगतीनं राम जोशी कीर्तनाकडे वळले असं परंपरेनं सांगतात. एकीकडे रामायणाचा जप करणारा पुराणिक, दुसरीकडे तमाशाच्या फडातला शाहीर. तरी जमलं.

'फड' हा शब्द आपल्या बारामती-इंदापूर भागात किती ठिकाणी सापडतो बघा. तमाशाचा फड, कुस्तीचा फड, वारकऱ्यांचा फड आणि उसाचा फड. वारीतली दिंडी तर आपल्या दारावरूनच जाते. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवडी, आंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला पोचते. बेलवडीला आणि इंदापूरला रिंगण होतं. लाखभर माणसं चालतात, पण कुणी त्याला गर्दी म्हणत नाही. दिंडी म्हणतात, आणि प्रत्येक दिंडीचा नंबर आणि रथाच्या पुढे की मागे ती जागा ठरलेली असते. भिगवणकडे उजनीच्या पाण्यावर थंडीत रोहित पक्षी येतात, तिथे पुन्हा थवा. मेंढपाळ निघाले की मेंढरांचा कळप. हे सगळं वाचून बारामतीची जमीन मोरोपंतांच्या वेळीही अशीच हिरवी होती असं समजू नका. नीरेचा डावा कालवा आला इंग्रजांच्या राजवटीत, उजनी धरण झालं १९८० च्या सुमारास. पंतांच्या वेळी हा कोरडवाहू मुलूख, ज्वारी-बाजरीचा. पंतांनी गंज आणि पेंढी रोज बघितली असेल, उसाची मोळी आजच्यासारखी नाही.

उसावरून आणखी एक शब्द सांगायलाच हवा. गळिताचा हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांकडे ऊसतोडीच्या टोळ्या येतात. टोळी म्हणजे अनेक कोयत्यांची. आणि एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, हिशेब होतो तोही कोयत्यावर. दोघांनी मिळून ऊस तोडायचा, तिनं मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या, आणि पहाटे उठून भाकरीही तिनंच थापायच्या. हिशेबात मात्र दोन माणसं नसतात, एक हत्यार असतं. कोशात हा अर्थ शोधायला जाऊ नका, पण आपल्या भागातल्या समूहाच्या शब्दांत यासारखा बोचणारा शब्द मला दुसरा सापडलेला नाही. पंतांच्या अमरकोशानं गरोदर बाईच्या समूहाला निदान वेगळं नाव दिलं होतं. फडात सातव्या महिन्यातली बाईसुद्धा अर्धा कोयताच असते.

पंतांकडे परत येते. त्यांच्या ग्रंथांच्या नावांकडे जरा लक्ष द्या. 'सन्मणिमाला', म्हणजे सज्जनरूपी मण्यांची माळ. यात त्यांनी संतांची नावं घेऊन त्यांना वंदन केलंय. 'संशयरत्नमाला', यात देवाला विचारलेल्या शंका आहेत, आणि शंकांना चक्क रत्नं म्हटलंय. माळ हा शब्दही समूहाचाच, पण ढिगापेक्षा निराळा. ढिगात एक मणी दुसऱ्याखाली दबतो, माळेत प्रत्येक मण्याला जागा असते. संतांचा जमाव किंवा संतांची रास असं नाव पंतांनी ठेवलं नाही याचं मला बरं वाटतं.

आणि मग 'केकावली'. मोरोपंतांना स्वतःच्या नावावर कोटी करायची हौस होती. मोरेश्वर, मोरो, म्हणून मोर, म्हणून मयूर. मोराच्या आरवण्याला संस्कृतात 'केका' म्हणतात. आणि 'आवली' म्हणजे ओळ, रांग. दीपावलीतली आवली तीच, दिव्यांची ओळ. तेव्हा केकावली म्हणजे मोराच्या हाकांची ओळ. पावसाळ्यात मोर एकदा ओरडून थांबत नाही, एकामागून एक हाका देतो. ज्यांनी माळरानावरच्या गावात मोर ऐकलाय त्यांना हे नाव किती नेमकं आहे ते कळेल. अमरकोशात मोरांच्या थव्याला शब्द आहे म्हणून मघाशी सांगितलं, पण पंतांनी इथे थवा घेतला नाही. मोर एकटाच आहे. समूह आहे तो हाकांचा.

केकावली उतारवयातली. पृथ्वी नावाच्या वृत्तात एकशे एकवीस श्लोक, सगळे देवाला उद्देशून. इथे अटी नाहीत, कसरती नाहीत. एक म्हातारा होत चाललेला माणूस देवाशी भांडतो, आर्जव करतो, इतरांना तारलंस मग माझ्याच वेळी उशीर का म्हणून विचारतो. शब्द संस्कृतच आहेत, पण त्यातून घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा आवाज येतो. पाऊण लाख कवितांच्या राशीतून मला एकच काय ते निवडायला सांगितलं तर मी केकावली उचलीन. तुम्हीही ती वाचली आहे, फक्त तुम्हाला माहीत नाही. शाळेत प्रार्थनेला जो श्लोक म्हणायचो, ज्यात चांगल्या माणसांची संगत नेहमी मिळावी, त्यांचे शब्द कानावर पडावेत, बुद्धीवरचा मळ जावा असं मागणं आहे, तो केकावलीतला. आयुष्यभर ज्यानं समूहाला शेकडो नावं दिली त्यानं शेवटी देवाकडे मागितली ती संगत. आणि संगत हाही समूहाचाच शब्द की, फक्त त्यात किती जण हवेत ते कुणी मोजत नाही. दोघीही चालतात.

आज आपल्याकडे सगळ्याला मिळून एकच शब्द झालाय, 'ग्रुप'. भिशीचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, माहेरच्या बहिणींचा ग्रुप. सोय आहे, तक्रार नाही. पण बचत गटाला अजून गटच म्हणतात, मंगळागौरीला जमतात त्या अजून सख्याच असतात, आणि भजनाचं अजून मंडळच असतं. हे शब्द टिकलेत ते त्या त्या कामामुळे.

१५ एप्रिल १७९४ रोजी, चैत्र पौर्णिमेला, मोरोपंत बारामतीतच गेले. वय पासष्टच्या आसपास. पन्हाळ्याहून आलेल्या या माणसानं बारामती एकदा धरली ती सोडली नाही. पुढच्या शतकात छापखाने आले आणि पोथ्यांची पुस्तकं झाली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी, म्हणजे मराठी व्याकरणवाल्या दादोबांनी, केकावलीचा अर्थ उलगडून सांगणारी टीका लिहिली आणि तिला नाव दिलं 'यशोदा पांडुरंगी'. १९०८ मध्ये ल. रा. पांगारकरांनी पंतांचं सविस्तर चरित्र लिहिलं. जुन्या ग्रंथालयात अजून मिळतं. जाड आहे, पिवळ्या पानांचं आहे, पण दुपारच्या वेळी दोन-दोन पानं करत वाचून होतं.